‘निगेटिव्ह आहेस ना?’ विचारून झाल्यावर

‘निगेटिव्ह आहेस ना?’ असे एचआयव्हीबद्दल विचारायचे, समोरच्याने ‘हो’ म्हणायचे आणि विषय मिटवायचा, ही रीत आम्हा गे पुरुषांमध्ये इतकी रुळली आहे की शेवटची चाचणी कधी केली, हे विचारले तरी समोरच्याला तो अविश्वास वाटतो. याउलट एखाद्याने आपण पॉझिटिव्ह असल्याचे, औषधे नियमित चालू असल्याचे आणि व्हायरल लोड अनडिटेक्टेबल, म्हणजे रक्तातील विषाणू चाचणीत सापडू नयेत इतके कमी, असल्याचे सांगितले, की पुढचा निरोप बहुधा येतच नाही.

मला हा हिशेब उफराटा वाटतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ या अभ्यासात ७८२ समलिंगी जोडप्यांची नोंद आहे. एक जोडीदार पॉझिटिव्ह, पण उपचारांमुळे विषाणू दबलेला, दुसरा निगेटिव्ह. त्यांच्यात कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. खरा धोका असतो तो लागण नुकतीच झालेल्या आणि ती ठाऊक नसलेल्या पुरुषाकडून, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातील विषाणू प्रचंड वाढलेले असतात आणि चाचणी मात्र अजून निगेटिव्ह येऊ शकते. हा पुरुष खोटे बोलत नसतो. त्याचे ‘हो’ फक्त जुने झालेले असते.

भीतीला इतिहास आहे, हे मान्य. १९९६ च्या सुमारास संयुक्त औषधोपचार येण्यापूर्वी ज्यांनी मित्र गमावले, त्यांच्यासाठी कंडोम हा जगण्याचा नियमच होता. परंतु २०१२ मध्ये अमेरिकेत प्रेपच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून निगेटिव्ह व्यक्तीने आधीपासून घ्यायच्या, गोळीला मान्यता मिळाल्यावर ती घेणाऱ्यांना बदफैली ठरवण्यात आपलेच लोक मागे नव्हते, हे मात्र मला आजही खटकते. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रीला जे ऐकावे लागले, तेच आपण एकमेकांना ऐकवले.

प्रेपवाल्यांचीही एक समजूत तपासून पाहायला हवी. ही गोळी सिफिलिस किंवा गनोरिया हे संबंधांतून पसरणारे इतर आजार रोखत नाही. त्यातही घशातील आणि गुदद्वारातील गनोरिया पुष्कळदा कोणतेही लक्षण दाखवत नाही आणि केवळ लघवी तपासली तर सापडतही नाही. त्यासाठी त्या त्या जागेचा स्वॅब घ्यावा लागतो. म्हणजेच आपण कशा प्रकारचे संबंध ठेवतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे आले आणि नेमके तिथेच आपली जीभ अडखळते. ‘सगळ्या तपासण्या करा’ असे मोघम सांगून बाहेर पडणारा पुरुष लघवीचा निर्दोष अहवाल घेऊन निश्चिंत होतो.

संकोचाचा सर्वात मोठा फटका बसतो तो पेपच्या, म्हणजे धोक्याच्या संबंधांनंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायच्या औषधांच्या, बाबतीत. कंडोम फाटला किंवा वापरायचाच राहिला, तर ७२ तासांच्या आत, आणि खरे तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, ही औषधे सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. पण त्या वेळी बहुतेक जण स्वतःला दोष देत बसतात, त्या माणसाला पुन्हा निरोप पाठवून ‘तू नक्की निगेटिव्ह आहेस ना?’ असे विचारतात आणि त्याच्या उत्तराची वाट पाहण्यात एक अख्खी रात्र घालवतात. त्याचे उत्तर काहीही आले, तरी डॉक्टरांकडे त्या रात्रीच जायला हवे होते.