आमची वाटचाल : भट्टीजवळची वही

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे कारागीर, होते. ऑइल इंजिनाचे भाग ओतण्यात त्यांची उमर गेली. १९९७ साली आम्ही शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये स्वतःची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, सुरू केली. आधी क्युपोला, म्हणजे कोकवरची उभी भट्टी होती, २००६ मध्ये अर्ध्या टनाची, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आली. आज आम्ही बेचाळीस जण आहोत, पंपाची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, करतो. कर्ज, मंदी, ऑर्डरी हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, त्यावर मी फार लिहीत नाही. मला सांगायचंय ते जुलै २०११ पासूनचं.

पाऊस चार दिवस लागून राहिला होता. स्लॅग, म्हणजे वितळलेल्या मेटलवरचा मळ, काढायला आमच्याकडे एक जुना पाइप होता. तो पन्हळीखाली उभा राहिला आणि त्याच्या पोटात पाणी साठलं. एका मदतनिसानं तो उचलून तसाच भट्टीत घातला. साडेचौदाशे अंशाच्या मेटलखाली पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. तिला वर यायला मेटल फोडूनच वाट काढावी लागते. फुलबाज्या उडाव्यात तसं मेटल उडालं. लेडल, म्हणजे मेटल ओतायचा डाव, घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या बुटात एक थेंब गेला.

बुटाच्या नाडीला त्यानं दुहेरी गाठ मारली होती. ती सुटेना. तो एका पायावर नाचतोय, दोघं जण गाठीशी झटापट करताहेत, आणि मी पाहतोय. शेवटी कुणीतरी हॅक्सॉचं ब्लेड आणून नाडी कापली. दुसरा टूथपेस्ट घेऊन धावत आला. भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं, दुसरं काही लावायचं नाही, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. पाणी दहा पावलांवर होतं.

पोरगा अडीच महिन्यांनी कामावर आला. आजही आमच्याकडेच आहे.

त्या संध्याकाळी कळलं, की आठच दिवसांपूर्वी त्याच पाइपानं मेटल थोडं उडवलं होतं आणि ते तिघांनी पाहिलं होतं. "मग मला का नाही सांगितलं?" असं मी विचारल्यावर भट्टीवरचे मामा म्हणाले, "सांगून काय मालक, तुमी वरडताय." मामा वडिलांच्या बरोबरीचे, त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नव्हती. आणि ते खरंच होतं. साच्याचा बॉक्स फुटला, कास्टिंग रिजेक्ट झालं, कुणाला लागलं, मी सगळ्याला एकच ओरडा करायचो. त्यामुळे माणसं बोटाला चिंधी बांधून हात खिशात घालायची.

बूट महिनाभरात बदलले. ओतणाऱ्यांना बिननाडीचे, झटक्यात निघणारे बूट दिले. पँट बुटात खोचायची नाही, बाहेरून सोडायची. टेरिकॉट बंद केलं, कारण ते वितळून कातडीला चिकटतं. सगळ्यांना सुती कपडे दिले. लेडल, चमचा, सळी आधी तापवल्याशिवाय मेटलजवळ न्यायची नाही. भंगारातला बंद तोंडाचा पाइप किंवा शॉकॲब्सॉर्बर कापल्याशिवाय भट्टीत टाकायचा नाही. पावसाळ्यासाठी भंगारावर पत्रा घातला. हे सगळं पैशानं होतं.

वहीला मात्र वेळ लागला. भट्टीजवळ खिळ्याला लाल पुठ्ठ्याची वही टांगली आणि सांगितलं, लागलं नाही पण लागता लागता वाचलं, असं जे जे होईल ते यात लिहा. नाव घालायची गरज नाही. लिहिता येत नसेल त्यानं सुपरवायझरला सांगावं. कामावर लागलं तर घरी बसलेल्या दिवसांची हजेरी कापणार नाही, हेही जाहीर केलं. तीन आठवडे वही कोरी राहिली.

पहिली नोंद नॉकआउटवरच्या, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढणाऱ्या, एका पोरानं केली : 'होइस्टच्या हुकाची पट्टी मोडली आहे.' होइस्ट म्हणजे जड माल उचलायचं यंत्र. मी जाऊन पाहिलं. दोर हुकातून निसटू नये म्हणून असते ती लॅच गेलेली, आणि हुकाचं तोंडही उघडलेलं. त्या दिवशी पुण्याला माल जायचा होता. होइस्ट बंद केला तर गाडी चुकणार. मी उभा राहिलो, आणि सगळी शेड माझ्याकडे बघतेय हे मला जाणवत होतं. होइस्ट बंद केला. नवा हुक उद्यमनगरातून येईपर्यंत चार तास गेले, गाडी गेली, ग्राहकाची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी वहीत पाच नोंदी होत्या.

कारखाना अधिनियम १९४८ मध्ये सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती एरवी हजार कामगारांपासून पुढे होती. आमच्यासारख्या छोट्या फौंड्रीत तो अधिकारी म्हणजे मालकच, आणि मालक कशासाठी काम थांबवतो हे माणसं बघतात. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, आम्ही शपथ घेतो, पण त्याआधी वर्षभराची वही मोठ्यानं वाचतो. खंडेनवमीला भट्टीला हळदकुंकू वाहतो, त्याच्या आदल्या दिवशी साखळ्या, हुक आणि ग्राइंडरचे गार्ड तपासून होतात. तपासल्याशिवाय फूल वाहायचं नाही, हा मामांचा नियम.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवे बंद झाला. आमची भट्टी आठवडाभर थंड होती. रस्ता सुरू झाल्याबरोबर ग्राहकांचे फोन सुरू झाले, आणि मी भट्टी लावायला सांगितली. मामा म्हणाले, "खड्ड्यात पाणी झिरपलंय. लायनिंग ओलं हाय मालक. आज लावायची न्हाई." लायनिंग म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर. त्याच्या मागे विजेची कॉइल, कॉइलमध्ये पाणी फिरतं. लायनिंग फुटून मेटल तिथवर गेलं तर काय होईल ते आम्ही दोघंही जाणून होतो. तरी मी म्हणालो, हळूहळू तापवून बघू. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

लायनिंग फोडलं. मागचा थर हातात घेऊन त्यांनी मूठ वळली, तर ओल्या वाळूसारखा त्याचा गोळा झाला. तो गोळा त्यांनी माझ्या हातात दिला. नवं लायनिंग ठोकून, सावकाश तापवून भट्टी सुरू व्हायला तीन दिवस गेले. मामा आता निवृत्त झालेत, आणि "आज नको" म्हणायचा हक्क भट्टीवर जो असेल त्याला आहे.

एका बाबतीत आम्ही अजून मागे आहोत, ती म्हणजे फेटलिंगची, कास्टिंग घासून साफ करतानाची, धूळ. मेटल उडालेलं दिसतं, सिलिकाची बारीक धूळ दिसत नाही. तिनं होणाऱ्या सिलिकोसिसला बरं करणारा उपाय नाही. हवेच्या पाइपानं कपडे झाडणं बंद केलं, झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडतो, मास्क देतो. पण एप्रिल-मे महिन्यात मास्क गळ्यात उतरतो. रागावून काय होणार? बिहारच्या एका पोरानं वहीत हिंदीत लिहिलं, की घामानं मास्क भिजतो, श्वास घेता येत नाही. त्याचं बरोबर आहे. धूळ उठते तिथूनच ओढून घ्यायला हवी.

सक्शनचं पहिलं हूड गेल्या आठवड्यात दोन नंबरच्या ग्राइंडरवर बसलं. पंख्याचा आवाज फार येतो, शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, अशी काल नोंद झाली आहे. फॅब्रिकेटरला उद्या बोलावलंय.