दुसऱ्या वाढीचा हिशेब

गुरुवार, ३१ जुलै २०२५, डोंबिवली

संध्याकाळी माझ्या पाळणाघरातल्या धाकट्याला न्यायला आलेली त्याची आई दारातच घुटमळली. म्हणाली, "काकू, रागावू नका, पण हा तर चिमणीएवढं खातो. मग जेवणाचे पैसे सगळ्यांइतकेच का?" रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. लोकलला लटकून नोकरी करणारी, पै-पैचा हिशेब ठेवणारी मुलगी आहे ती. तिला म्हटलं, उद्या सकाळी सांगते. मुलं गेल्यावर वही काढून बसले, कारण उत्तर नुसतं तोंडी द्यायचं नाही, आकडे दाखवून द्यायचं आहे.

सध्या माझ्याकडे नऊ मुलं आहेत. हा दीड वर्षाचा सगळ्यांत लहान, आणि शाळा सुटल्यावर थेट येणारी सहा वर्षांची सगळ्यांत मोठी. सांभाळण्याची फी निराळी, जेवणाखाण्याचे महिन्याला ८५० रुपये निराळे.

आजचाच दिवस घेते. दुपारी वरण-भात, दुधीची भाजी, फुलके. तांदूळ ४०० ग्रॅम, २४ रुपये. तूरडाळ १५० ग्रॅम, १८ रुपये (गेल्या वर्षी याच दिवसांत किलोला १७० च्या वर मोजले होते, यंदा डाळीने हात दिला). दुधी अर्धा किलो, ३० रुपये. कणीक १४ रुपयांची, वरची तुपाची धार २० रुपयांची. झाले १०६. सकाळी दहाला प्रत्येकाला एक केळं, ४५ रुपये. चारला दीडशे मिली दूध, नऊ जणांचं मिळून ७८ रुपये. त्याबरोबर नाचणीची धिरडी आणि दाण्याची चटणी, ४५ रुपये. तेल, मसाला, गॅस धरून ४०. एकूण ३१४. डोई ३५ रुपये, बावीस दिवसांचे ७७०.

वरचे ८० कुठे जातात? पावसाने गाड्या खोळंबल्या की दिवा स्टेशनजवळ अडकलेल्या आयांचे फोन येतात आणि मुलं रात्री नऊपर्यंत माझ्याकडे असतात. मग मुगाची खिचडी टाकायची. त्या जेवणाचे पैसे मी कधी मागत नाही. आई आधीच रडकुंडीला आलेली असते.

वहीत बघितलं की कळतं, पैसा जेवणापेक्षा दुधा-फळात जास्त जातो. भात जरा कमी शिजवून फारसं काही वाचत नाही. एका मुलाच्या वाट्याचा भात आणि वरण मिळून पाच रुपयांच्या आतलं. मग ते त्याच्यापुढे मोजून का ठेवायचं?

खरी गोष्ट इथेच आहे. ज्याच्या-त्याच्या भुकेप्रमाणे पैसे घ्यायचे ठरवले, तर मला मुलांचे घास मोजावे लागतील. आज ज्याने अर्धा फुलका खाल्ला तो उद्या दोन मागेल, तेव्हा माझ्या मनात पैसे येतील. मुलांना वाढणाऱ्या बाईचा चेहरा वाचता येतो. "अजून हवंय?" हे मी कोणत्या सुरात विचारलं ते दोन वर्षांच्या मुलालाही कळतं. सहा वर्षांची ती पोरगी भरपूर खाते, उंचही वाढते आहे. तिला एकदाही वाटता कामा नये की आपण जास्त खातो. म्हणून पैसे सगळ्यांचे सारखे आणि पोट ज्याचं-त्याचं.

वाढण्याची पद्धत मात्र ठरलेली आहे. पहिली वाढ लहान. दीड-दोन वर्षांच्यांना दोन-तीन चमचे मऊ भात, त्यावर वरण, पाव फुलका कुस्करून, चमचाभर भाजी. चार-पाच वर्षांच्यांना अर्धी वाटी भात, एक छोटा फुलका, दोन चमचे भाजी. दुसरी वाढ मागेल तितकी, तिसरीही. ताट भरून दिलं की लहान मूल आधी त्याच्याकडे बघूनच दमतं, मग चिवडतं, आणि निम्मं उष्टं होऊन जातं. भांड्यात उरलेलं कामाला येतं, ताटात उरलेलं टाकावंच लागतं. कमी वाढल्याने मुलं कमी खात नाहीत, उलट मागून घेतलेलं संपवतात.

काही घरांतून सांगणं येतं, मोबाइल लावून भरवा म्हणजे डबाभर खातो. ते मी करत नाही आणि करणारही नाही. काय शिजवायचं आणि किती वाजता वाढायचं हे माझं काम. किती खायचं हे मुलाने ठरवायचं. संध्याकाळी आईला मी "सगळं संपवलं" असं सांगत नाही. "वरण-भात दोनदा घेतला, भाजीला हात लावला नाही, दूध प्यायला" असं सांगते. तिला रात्री काय द्यायचं ते त्यावरून ठरवता येतं.

मोजमापासाठी माझ्यासमोर दोन आकडे असतात. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात होतं. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरतात. धान्य सरकार वेगळं देतं. बाकी डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी मे २०२५ पासून मुलामागे ६ रुपये ७८ पैसे ठरले, तेही वाढवून. त्या पैशांत रोज शेकडो ताटं वाढणाऱ्या बायकांना माझा मनापासून नमस्कार. माझ्या आजच्या एका जेवणात डाळ, तांदूळ, कणीक धरून सरासरी अकरा-साडेअकरा ग्रॅम प्रथिनं बसतात, दुधाची साडेचार-पाच वेगळी. म्हणून महागाई कितीही होवो, वरणात पाणी वाढवायचं नाही हा माझा नियम. काटकसर करायची ती पिशवी घेऊन बाजारात, ताटात नाही.

बाजारातलं सांगायचं तर पावसाळ्यात मेथी-पालकाच्या मागे मी लागत नाही. जुडी महाग, निम्मी चिखल आणि देठं, आणि धुण्यात अर्धा तास. त्यापेक्षा दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा. भोपळा तर वरणात घोटला की भाजी न खाणाऱ्यांच्याही पोटात जातो, आणि गुळातले घारगे केले की मुलं दाराशी आल्या-आल्या विचारतात. कडधान्यं आणि तांदूळ एरवी दहा किलो एकदम आणते, पण जून ते सप्टेंबर नाही. टोके-पोरकिडे झाले की स्वस्तात घेतलेलं सगळं महागात पडतं. बिस्किटांचे पुडे मी आणतच नाही. दहा रुपयांच्या पुड्यात मैदा आणि साखर, तेवढ्यात शेंगदाण्याचा लाडू होतो. दाणे कधी अख्खे द्यायचे नाहीत, कूटच करायचं, लहान मुलांच्या घशात अडकतात. अंडं ज्या घरांना चालतं त्यांना आठवड्यातून दोनदा देत होते, श्रावण लागल्यापासून बहुतेकांनी थांबवायला सांगितलं. तोवर मोड आलेली मटकी आणि मुगाची धिरडी.

भांड्यात उरलेलं वरण संध्याकाळच्या थालीपिठाच्या पिठात जातं. उरलेला भात मी आमच्यासाठी फोडणीला टाकते, मुलांना दुसऱ्या दिवशी शिळं देत नाही. पैसे वाचवायला ती जागाच नव्हे.

उद्या धाकट्याच्या आईला ही वही दाखवीन. एक सवलत मात्र सगळ्यांनाच द्यायची असं ठरवलं आहे: मूल येणार नाही हे आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं, तर त्या दिवसाचे ३५ रुपये वजा. ऐनवेळी कळलं तर नाही, कारण दूध घेऊन झालेलं असतं.

ऑगस्टचा बेत मांडते आहे. नारळी पौर्णिमा शुक्रवारी ८ तारखेला, नारळी भात त्याच दिवशी. नारळ यंदा फार महाग. एकाच नारळात नऊ जणांचं बसवायचं आहे, आणि तेवढ्यात बसतं. फळांत केळ्यांबरोबर आठवड्यातून दोनदा पेरू घालते, लहानांना बिया काढून. मटकी आज भिजत घातली आहे, परवा मोड येतील, पण शनिवारी मुलं नाहीत. मोड आले की फ्रिजमध्ये ठेवायची आणि सोमवारी उसळ करायची.