नकाशा आहे, जावक क्रमांक नाही

वास्तुकलेच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणं, फी, पहिली सत्रं यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते प्रबंधासाठी जुने नकाशे मिळवणं. मुंबईत ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यामुळे त्यांच्यावर वाचायला भरपूर मिळतं. मी मात्र प्रबंधासाठी घेतल्या बीआयटी चाळी. प्लेगनंतर, १८९८ साली सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बीआयटी, स्थापन केला, त्याने बांधलेल्या. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. मूळ नकाशे आता कुठे असतील, याचा माग काढत मी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूमपर्यंत पोचले. नाव घेत नाही.

"ताई, कॉलेजचं पत्र?" दिलं. लेटरहेड, सही, शिक्का, सगळं होतं. क्लार्कने ते उजेडाकडे धरून पाहिलं, जणू खोटी नोटच. "जावक क्रमांक कुठाय?"

कॉलेजात जावक रजिस्टर ज्यांच्या कपाटात, ते रजेवर. क्रमांक पडला, तर पत्र साहेबांच्या पदनामाने हवं. तसं करून नेलं, तर साहेब इलेक्शन ड्युटीवर. साहेब परतले, सही झाली, आणि क्लार्क म्हणाले, "नकाशाचा नंबर सांगा, लगेच काढतो." नंबर कुठे मिळेल? "रजिस्टरमध्ये." रजिस्टर दाखवा. "नंबर असल्याशिवाय नाही दाखवता येत." यावर तो माणूस हसला नाही, हे विशेष. बाकावर माझ्या शेजारी बसलेले काका मात्र मनापासून हसले. ते वारसनोंदीसाठी माझ्या आधीपासून खेपा घालत होते.

शेवटी माहिती अधिकार. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा नमुना, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. प्रती मागितल्याच नाहीत, फक्त रजिस्टर आणि नकाशांचं अवलोकन मागितलं. प्रती मागितल्या की "जीर्ण आहेत" म्हणायला वाव मिळतो. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, ३० दिवस तिथूनच मोजायचे. मुदतीच्या आत बोलावणं आलं, आणि त्याच क्लार्कने रजिस्टर स्वतः आणून दिलं, वर चहा विचारला. मी घेतला. का सोडू?

कापडावर चिकटवलेला नकाशा, घड्यांवर फाटलेला. मधला पॅसेज, दोन्हीकडे खोल्यांची रांग, टोकाला सामाईक संडास. एका खोलीतली मोरी कुणीतरी पेन्सिलीने खोडून खिडकीखाली सरकवली होती. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या रेघेवर उभं आहे.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: शोधाला निघण्यापूर्वी मालमत्ता पत्रकावरून सी.एस. नंबर (जमिनीचा भूमापन क्रमांक) आणि डिव्हिजन (शहराचा महसुली विभाग) लिहून घ्या. चाळीच्या नावाने कुणालाच काही सापडत नाही. चाळ ट्रस्टच्या कोणत्या स्कीममधली, म्हणजे योजनेतली, हेही माहीत असू द्या. फोटो काढू देतीलच असं नाही, तेव्हा ट्रेसिंग पेपर आणि शिसपेन्सिल पिशवीत ठेवा. पेन बाहेर काढलंत की ओरडा बसतो.