रेअर अर्थचा प्रकल्प उभारताना: खाण सोपी, पुढचं रसायन अवघड

रेअर अर्थ म्हणजे सीरियम-निओडिमियमसारख्या, गुणधर्मांनी एकमेकांशी फार जुळणाऱ्या धातूंचा गट. त्यांच्या प्रकल्पाची माहिती समोर आली की सगळ्यांचं बोट आधी एकाच आकड्यावर जातं: टीआरईओ, म्हणजे दगडातल्या सर्व रेअर अर्थ ऑक्साइडची एकूण टक्केवारी. मी तो आकडा नंतर बघतो. आधी विचारतो, खनिज कोणतं? बास्टनासाइट, मोनाझाइट आणि झेनोटाइम यांच्यापासून ऑक्साइड काढायच्या पद्धती कारखान्यांत वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. युडायलाइटसारख्या सिलिकेट खनिजाचं तसं नाही. ते आम्लात चटकन विरघळतं, पण सोबत सिलिकाही विरघळते, तिचं जेल होतं आणि फिल्टर तुंबतात. याउलट दक्षिण चीनमधल्या चिकणमातीत ऑक्साइड जेमतेम ०.०५ ते ०.२ टक्क्यांच्या आसपास. पण तिथे आयन मातीच्या कणांना नुसते चिकटलेले असतात, अमोनियम सल्फेटच्या पातळ द्रावणाने सुटतात आणि त्यांत डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या जड मूलद्रव्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून ते परवडतं.

दुसरा प्रश्न, त्या टक्केवारीत कोणाचा वाटा किती? कॅलिफोर्नियातल्या माउंटन पासच्या बास्टनासाइटमध्ये साधारण निम्मं सीरियम, एक तृतीयांश लँथेनम, १२ टक्के निओडिमियम आणि ४ टक्के प्रासिओडिमियम असतं. यांतली शेवटची दोन चुंबकांना लागतात, म्हणजे शंभर किलो ऑक्साइडमधल्या सोळा-एक किलोंवर सगळा धंदा चालतो. उरलेलं सीरियम-लँथेनम दळण्याचा, भाजण्याचा, विरघळवण्याचा खर्च मात्र तेवढाच. जिथे तिथे 'बास्केट प्राइस', म्हणजे मिश्र ऑक्साइडच्या किलोचा एकत्रित भाव, सांगतात; त्या हिशेबात सगळी १५-१६ ऑक्साइडं वेगवेगळी आणि शुद्ध विकली जातील असं धरलेलं असतं. मी होल्मियमपासून ल्युटेशियमपर्यंतचे सगळे आकडे शून्य करून हिशेब पुन्हा मांडतो. तरीही टिकला, तर पुढे बोलायचं.

ड्रिलिंगमध्ये फार नवल नाही, पण प्रयोगशाळेला काय सांगायचं यात नेहमी घोळ होतो. नेहमीच्या चार आम्लांच्या पद्धतीत मोनाझाइट, झेनोटाइम आणि झिरकॉन पुरते विरघळत नाहीत आणि आकडा कमी येतो. नमुना लिथियम मेटाबोरेट किंवा सोडियम पेरॉक्साइडबरोबर वितळवून मगच आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) घ्यायला सांगावं लागतं. प्रमाणित नमुने, कोरे नमुने आणि दुहेरी नमुने प्रत्येक तुकडीत घालायचेच. मूलद्रव्यावरून ऑक्साइड काढायचे गुणकही तपासून घ्यावेत: निओडिमियमला १.१६६४, यट्रियमला १.२६९९. सीरियमला Ce₂O₃ धरलं तर १.१७१३ आणि CeO₂ धरलं तर १.२२८४. दोन प्रकल्पांच्या अहवालांत हे वेगवेगळं धरलेलं असेल, तर टीआरईओची तुलनाच फसते.

ड्रिलिंग पूर्ण व्हायची वाट न बघता खनिजशास्त्राचं काम सुरू करायचं. रेअर अर्थ खनिजाचे कण केवढे आहेत, कशाला चिकटलेले आहेत आणि कितपत दळल्यावर मोकळे होतात, हे स्वयंचलित इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर कळतं. कण १० मायक्रॉनच्या खाली गेले की फ्लोटेशनच्या (लगद्यात बुडबुडे सोडून हवं ते खनिज वर आणायच्या पद्धतीच्या) फेसात नीट येत नाहीत, टेलिंग म्हणजे उरलेल्या चोथ्याबरोबर वाहून जातात. बास्टनासाइटसोबत कॅल्साइट, बॅराइट, फ्लोराइट असतील तर स्निग्धाम्लाचा कलेक्टर (खनिजाला बुडबुड्याशी चिकटवणारं रसायन) सगळ्यांनाच धरतो. लगदा गरम करून, सोडा अ‍ॅश आणि लिग्निन सल्फोनेट घालून निवड सुधारावी लागते. हायड्रॉक्सामेट जास्त निवडक असतं, पण महाग. या चाचण्या नळाच्या पाण्यावर करून उपयोग नाही. खाणीवरचं पाणी, आणि तेही प्लांटमधून पुन्हा पुन्हा फिरवलेलं, वापरायचं. त्यातलं कॅल्शियम वाढत गेलं की स्निग्धाम्लाचा साबण होऊन जातो आणि प्रयोगशाळेतली रिकव्हरी (मूळ मालातला हाती आलेला वाटा) प्लांटमध्ये दिसत नाही.

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे फेसातून मिळालेला समृद्ध माल, किती शुद्ध करायचं, हे फ्लोटेशनवाल्यांना एकट्याने ठरवू देऊ नये. जास्त शुद्ध करायला गेलं की रिकव्हरी घटते. कमी शुद्ध ठेवलं तर राहिलेला प्रत्येक १०० किलो कॅल्साइट ९८ किलो सल्फ्युरिक आम्ल खातो आणि १७२ किलो जिप्सम तयार करतो. हे आम्ल आणायचा आणि ते जिप्सम साठवायचा खर्च धरला की योग्य टक्केवारी आपोआप हाती येते.

खनिज फोडायच्या दोन मुख्य वाटा. पहिली, तीव्र सल्फ्युरिक आम्लात मिसळून रोटरी किल्नमध्ये (फिरत्या भट्टीत) भाजणं. मोनाझाइटसाठी २०० ते ३०० अंश सेल्सिअस लागतात. त्याहून वर गेलं की थोरियम अविद्राव्य फॉस्फेट होऊन गाळातच राहतं. खाली राहिलं तर ते द्रावणात येतं आणि मग वेगळं काढावं लागतं. दोन्ही चालतं, फक्त थोरियम कुठे हवं ते आधी ठरवायचं. बास्टनासाइट भाजताना हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, त्यामुळे वायू धुऊन काढणारा स्क्रबर हा किल्नचाच भाग धरून खर्च मांडायचा. भाजलेला माल गरम पाण्यात टाकायचा मोह आवरायला हवा: रेअर अर्थ सल्फेटची विद्राव्यता तापमानाबरोबर घटते. लीचिंगला, म्हणजे धातू द्रावणात उतरवायला, गार पाणी आणि भरपूर पाणी लागतं. त्या द्रावणात सोडियम शिरलं तर सोडियमचं दुहेरी सल्फेट बनून हलकी रेअर अर्थ गाळात बसतात. म्हणूनच पुढच्या पायरीत पीएच ३.५ च्या आसपास नेऊन लोह, फॉस्फेट आणि थोरियम खाली बसवताना सोडा न वापरता मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) वापरतात. चुना स्वस्त, पण त्याचं जिप्सम होतं आणि पाइपांत थर धरतं. फॉस्फेटला पुरेल एवढं लोह द्रावणात नसेल, तर फॉस्फेट रेअर अर्थलाच धरून बसतं. ते लोह मुद्दाम घालावं लागतं.

दुसरी वाट कॉस्टिकची. मोनाझाइट ४५ मायक्रॉनच्या खाली दळून, ५० ते ७० टक्के कॉस्टिक सोड्यात १४०-१५० अंशांवर शिजवतात. फॉस्फेट ट्रायसोडियम फॉस्फेट होऊन वेगळं निघतं आणि विकता येतं. मागे हायड्रॉक्साइडचा केक राहतो. तो नीट धुतला नाही तर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवताना राहिलेलं फॉस्फेट पुन्हा अवक्षेप देतं. केक हवेत फार काळ राहू दिला तर सीरियमचं ऑक्सिडीकरण होतं आणि मग हायड्रोक्लोरिक आम्ल ओतताच क्लोरीन वायू सुटतो.

किरणोत्साराचा हिशेब कोणी सल्लागार नंतर करील म्हणून सोडू नये. नैसर्गिक थोरियम, युरेनियमसाठी १ बेकरेल (सेकंदाला एक अणुविघटन) प्रति ग्रॅम ही नियमनाची सर्वमान्य पायरी. म्हणजे साधारण २४६ पीपीएम (दशलक्षात २४६ भाग) थोरियम किंवा ८१ पीपीएम युरेनियम. वाहतुकीत नैसर्गिक पदार्थांना १० बेकरेलपर्यंत सूट मिळते. कॉन्सन्ट्रेटमध्ये ५ टक्के थोरियम असेल तर त्याचं एकट्याचंच २०० बेकरेल होतात. मग पिंप, जहाज, बंदर सगळं वेगळं. त्यातही अवघड असं की, एकदा खनिज फोडलं की विघटनाच्या साखळीतले घटक (थोरियम, युरेनियम आणि त्यांच्यापासून तयार होणारी मूलद्रव्यं) आपापल्या वाटेने जातात: थोरियम लोहाच्या गाळात, रेडियम सल्फेटच्या अवक्षेपात, आणि अ‍ॅक्टिनियम लँथेनमसोबत थेट मालापर्यंत. म्हणून फक्त थोरियम, युरेनियम मोजून भागत नाही. प्रत्येक प्रवाहाची गॅमा स्पेक्ट्रोमेट्री पायलट प्लांटपासूनच (छोट्या चाचणी-कारखान्यापासूनच) करायची. खोदकामाआधी किमान वर्षभर, सर्व ऋतूंत, भूजल, धूळ आणि नैसर्गिक किरणोत्साराची नोंद हवी, कारण नंतर वाद झाला तर तीच कामाला येते. मलेशियातला बुकित मेराहचा प्रक्रिया कारखाना १९९० च्या दशकात बंद झाला तो थोरियमच्या कचऱ्यावरून. ग्रीनलँडने २०२१ मध्ये १०० पीपीएमपेक्षा जास्त युरेनियम असलेल्या साठ्यांवर बंदी आणली आणि क्वानेफ्येल्डचा मोठा प्रकल्प अडला.

सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनला, म्हणजे मूलद्रव्यं द्रावणातून तेलकट द्रवात ओढून एकमेकांपासून वेगळी करायला, सर्वात जास्त भांडवल आणि सर्वात जास्त धीर लागतो. पी५०७ किंवा डी२ईएचपीए ही धातू धरणारी रसायनं केरोसिनमध्ये मिसळून वापरतात. शेजारशेजारच्या मूलद्रव्यांचा पृथक्करण गुणांक, म्हणजे एक दुसऱ्यापेक्षा किती पट जास्त ओढलं जातं तो आकडा, इतका कमी (निओडिमियम-प्रासिओडिमियमचा १.५ च्या आसपास) की पूर्ण साखळीला शेकडो मिक्सर-सेटलर (दोन द्रव मिसळून पुन्हा वेगळे करणाऱ्या टाक्या) लागतात. चुंबकवाल्यांना ही दोन मिश्र चालतात, म्हणून ती वेगळी करायचा हट्ट सोडला तर मोठा खर्च वाचतो. एक टन निओडिमियम ऑक्साइडसाठी सॉल्व्हंटचं साबणीकरण करायला (म्हणजे त्यातलं आम्ल आधी उदासीन करायला), कागदावरच्या समीकरणाप्रमाणे, किमान ७१३ किलो कॉस्टिक लागतं, त्यातून टनभराहून जास्त मीठ तयार होतं, आणि धातू परत सोडवायला निदान ६५० किलो शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल. प्रत्यक्षात धातू साखळीत अनेकदा वर-खाली फिरतो, त्यामुळे हे सगळं कित्येक पटींत धरावं लागतं. खारं पाणी सोडायला जागा आहे का, यावर प्लांटची जागा ठरते.

साखळी सुरू केल्यावर समतोल यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर हाती येणारा माल विकण्यालायक नसतो आणि टाक्यांत अडकलेलं निओडिमियम म्हणजे अडकलेलं भांडवल. फीडमध्ये (साखळीत जाणाऱ्या द्रावणात) सिलिका, लोह किंवा अ‍ॅल्युमिनियम राहिलं तर दोन द्रवांच्या मध्ये क्रड, म्हणजे चिखलासारखा थर, साचतो, सेटलरमध्ये द्रव वेगळे होत नाहीत आणि पूर्ण साखळीचा तोल जातो. विजेचा एक लांब खंडही तेच करतो.

शेवटी ऑक्झॅलेट किंवा कार्बोनेट करून ९००-१००० अंशांवर भाजलं की ऑक्साइड तयार. ग्राहक मात्र ऑक्साइडचा नसतो, धातूचा असतो: वितळलेल्या फ्लोराइडमध्ये विद्युत अपघटन करून धातू, मग मिश्रधातू, मग चुंबक. हा मधला टप्पा बहुतेक चीनमध्येच आहे. २०२३ च्या डिसेंबरात चीनने पृथक्करणाच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सात मध्यम व जड मूलद्रव्यांना निर्यात परवाना लावला. त्यामुळे धातू कोण करणार याचं लेखी उत्तर नसेल तर बँकेला दाखवायला काही नाही. भावाचंही तसंच. २०११ च्या भावाच्या उसळीवर आखलेली, माउंटन पास खाणीची मालक कंपनी मोलीकॉर्प २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच खाणीच्या पुढच्या मालकांना २०२५ च्या जुलैत अमेरिकी संरक्षण खात्याकडून निओडिमियम-प्रासिओडिमियमला किलोमागे ११० डॉलरची किमान हमी मिळाली.

ज्यांच्याकडे अशी हमी नाही त्यांनी मी तरी टप्प्याटप्प्याने जायला सांगेन: आधी कॉन्सन्ट्रेट किंवा मिश्र कार्बोनेट विकायचं, पृथक्करण नंतर. करारात मात्र थोरियम-युरेनियमची कमाल मर्यादा, ती ओलांडल्यास कपात किती, ओलाव्याचं प्रमाण कोण मोजणार, वादात तिसरी प्रयोगशाळा कोणती आणि पैसे कोणत्या मूलद्रव्यांचे मिळणार, हे सगळं आकड्यांत लिहून घ्यावं. मिश्र कार्बोनेटचे पैसे बहुधा निओडिमियम, प्रासिओडिमियम, डिस्प्रोसियम, टर्बियम एवढ्यांचेच मिळतात, तेही अंशतः. सीरियम जास्त असलं तर उलट कपात होते. म्हणून सीरियमचं आधीच ऑक्सिडीकरण करून ते लीचिंगमध्येच मागे ठेवणं फायद्याचं पडतं.