फेरेटच्या शी-शूच्या खोक्यात काय घालायचं?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी कोणी आलं की पहिला प्रश्न, "हे मुंगूस का?" आणि लगेच दुसरा, "यांच्या शी-शूला मांजराचीच वाळू ना?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मुंगूस १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, ते पाळता येत नाही. हे फेरेट. पाणमांजराच्या कुळातले, युरोपात सशांच्या शिकारीसाठी फार पूर्वीच माणसाळलेले. दुसऱ्याचं उत्तर मात्र दारात उभ्या उभ्या देता येत नाही.

मांजराची गोळे होणारी वाळू म्हणजे बहुधा बेंटोनाइट माती. ओल लागली की फुगते आणि घट्ट होते. मांजर उकरतं, झाकतं, निघून जातं. त्याला ती सोयीची. फेरेट झाकायच्या भानगडीत पडत नाही. कोपरा गाठायचा, पाठमोरं सरकायचं, शेपूट वर, आणि झालं की बूड घासत पुढे निघायचं. त्यात भरीला नवीन काही पसरलं की नाक खुपसून नांगरायची हौस! म्हणजे ती माती नाकातही जाणार आणि बुडालाही चिकटणार. झाकणंच नाही, तर गोळे होणारी वाळू हवी कशाला?

मग कोणीतरी हमखास सुचवतं, "आरा मशीनवरून भुसा आणा की, स्वस्तात मिळेल." स्वस्त खरा, पण तो साग, चीड, देवदार यांची खिचडी असतो. चीड आणि देवदाराच्या कच्च्या भुशाचा जो वास आपल्याला आवडतो, त्यातलीच द्रव्यं या जनावरांच्या श्वासनलिकेला आणि यकृताला त्रास देतात. भट्टीत वाळवून दाबलेल्या लाकडी गोळ्या वेगळ्या, त्या चालतात. फक्त भिजल्या की त्यांचा भुगा होतो, तो वेळेवर काढायचा. मक्याच्या कणसाचा चुरा मी घरात आणत नाही. फेरेट दिसेल ते चावतं, आणि गिळलेला चुरा आतड्यात अडकू शकतो.

इंदूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हे जास्त जपावं लागतं. तीस अंशांच्या वर पारा गेला की फेरेटला उष्माघाताचा धोका, म्हणून खोली बंद आणि एसी चालू. अशा खोलीत खोक्यातून उडालेली धूळ तिथेच घुटमळते.

आम्ही कागदाच्या गोळ्या वापरतो. मऊ असतात, ओल शोषतात, धूळ जवळजवळ नाही. संपल्या आणि पार्सल आलं नाही, तर रद्दीच्या पट्ट्या. वास धरत नाहीत, पण निभावतं. इंचभर थर पुरतो. पावसाळ्यात पिशवी उघडी ठेवू नका, डब्यात भरा. वापरलेल्या गोळ्या कमोडमध्ये ओतू नका, फुगून पाइप तुंबेल.

खोकं कुठे ठेवायचं, हे फेरेटच ठरवतं. त्यानं निवडलेल्या कोपऱ्यात खोकं सरकवायचं, मागची बाजू उंच, पुढची बुटकी. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर येतं, तेव्हा एका खोक्यावर भागत नाही. पिल्लू असेल तर साफ करताना थोडी घाण मुद्दाम राहू द्या, त्याला जागा कळते.

राहिला वास. सुगंधी वाळू किंवा गोळ्या घेऊ नका. फेरेटचा तो उग्र दर्प त्याच्या कातडीतल्या तैलग्रंथींचा असतो, खोक्यातला नव्हे. आणि सारखी अंघोळ घातली तर तेल आणखीच सुटतं.