धरमकोटला शून्यतेच्या शिबिराला जाताय? आधी हे वाचा

परतीच्या झेलममध्ये साइड लोअरवर बसून लिहितोय. तिकीट आरएसी, म्हणजे अर्धी सीट माझी आणि अर्धी भुसावळला उतरणाऱ्या एका काकांची. कालपासून पाठ टेकलेली नाही, तेव्हा कुठे सूर चिडका लागला तर सांभाळून घ्या.

धरमकोट म्हणजे हिमाचलात धरमशाला-मॅक्लोडगंजच्या वरचं गाव. तिथे तिबेटी बौद्धांच्या ध्यानशिबिराला गेलो होतो. विषय शून्यता, म्हणजे कुठलीच गोष्ट स्वतःच्या बळावर उभी नसते हा विचार. मला या प्रवासात दोघांनी फसवलं. एक पुण्यातला मित्र आणि दुसरा धरमशालेचा टॅक्सीवाला.

मित्र म्हणाला होता, "तू इगतपुरी केलीयेस ना? मग हे डाव्या हाताचा मळ. तिबेटी लोकांची शून्यता म्हणजे डोकं रिकामं करून बसायचं, झालं." इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर मी दोनदा केलंय, त्यामुळे एक अक्षरही न वाचता निघालो. मोठी चूक. इथे डोकं रिकामं करायला कोणी सांगत नाही, पहिल्या दिवसापासून ते कामाला जुंपतात. तिबेटी परंपरेत ध्यान दोन तऱ्हांचं. चेगोम म्हणजे विचार करत, तपासत केलेलं ध्यान, आणि जोगोम म्हणजे त्यातून जे हाती लागलं त्यावर मन ठेवून बसणं. शून्यतेसाठी दोन्ही लागतात, आणि नवख्याचा जीव पहिल्यातच जातो.

मित्राचा गैरसमजही काही नवा नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस तिबेटातल्या साम्ये मठात याच मुद्द्यावर वाद झाला होता. एका चिनी भिक्षूचं म्हणणं, विचार थांबवले की काम झालं. नालंदेच्या परंपरेतला कमलशील म्हणाला, नुसतं थांबून अज्ञान जात नाही, तपासावंच लागतं. तिबेटी परंपरेनुसार कमलशील जिंकला. पुण्यापर्यंत हा निकाल अजून पोचलेला नाही.

आता टॅक्सी. पठाणकोट ते धरमशाला बसने आलो, त्याबद्दल तक्रार नाही. बसस्टँडवर उतरलो तेव्हा चार वाजले होते, आभाळ काळं झालेलं, पाठीवर चौदा किलोची सॅक. टॅक्सीवाला म्हणाला वरचा रस्ता बंद आहे, फिरून जावं लागेल, अकराशे होतील. घाईत होतो, हो म्हणालो. त्याने एका वळणावर सोडलं, पायऱ्या दाखवल्या, म्हणाला पाच मिनिटं. वीस मिनिटं लागली आणि त्यातली दहा गारांमध्ये. राजगड-तोरणा करणाऱ्यांना चढ काहीच नाही, पण ओल्या दगडी पायऱ्यांवर गारा म्हणजे रव्यावर चालल्यासारखं होतं. वर पोचल्यावर कळलं, रस्ता बंदबिंद काही नव्हता. परत येताना दुसऱ्या टॅक्सीने पाचशे घेतले, तेही थेट शिबिराच्या दारातून. म्हणजे सरळ सहाशेचा चुना.

तेव्हा बसस्टँडवर टॅक्सी करूच नका. मॅक्लोडगंजपर्यंत बस मिळते, २०२२ पासून रोपवेही आहे. तिथून धरमकोट दोनेक किलोमीटर, सगळा चढ. सॅक जड असेल तर मॅक्लोडगंजच्या चौकात टॅक्सी पहा, आणि "दारापर्यंत" हा शब्द आधी वदवून घ्या.

पहिले चार दिवस छान गेले. बुरांश फुलला होता, धौलाधारवर बर्फ होतं, थुक्पा गरम मिळत होता. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पाचवा दिवस लिहायचा आहे. सकाळच्या बैठकीत शिकवणाऱ्या भिक्षुणी म्हणाल्या, आज "मी" शोधायचा. पण जे नाकारायचंय ते आधी ओळखा, लक्ष्यच दिसलं नाही तर बाण कुठे मारणार? तिबेटी बौद्धांमधल्या गेलुग परंपरेचा प्रवर्तक त्सोंगखापा (१३५७–१४१९) याचा यावर फार भर. जे नाकारायचंय त्याला तिथे निषेध्य म्हणतात. ते ओळखायची युक्ती अशी की कोणी तुमच्यावर खोटा आळ घेतला किंवा अपमान केला तो क्षण आठवायचा, आणि त्या वेळी "मी" कसा उभा राहतो ते कोपऱ्यातून, चोरून पाहायचं. थेट बघायला गेलं की तो लपतो.

मला आठवायला कष्ट पडले नाहीत. डोळे मिटले आणि टॅक्सी आली. सहाशे रुपये. गारा. "मला फसवलं!" या वाक्यातला "मला" पोटापासून गळ्यापर्यंत टणक गोळ्यासारखा बसला होता. त्याला शरीर नको, मन नको, जणू स्वतःच्याच पायावर उभा असलेला. बाईंनी सांगितलं होतं तंतोतंत तसा.

पुढचं काम कटकटीचं. हा "मी" खरोखर असा असेल तर एकतर तो शरीर-मनाशी एकरूप असेल किंवा त्यांहून वेगळा. तिसरी सोय नाही. चंद्रकीर्ती या बौद्ध पंडिताने सातव्या शतकात रथाचं उदाहरण घेऊन हे सात बाजूंनी तपासलंय: रथ म्हणजे त्याचे भाग नव्हेत, भागांहून वेगळाही नाही, तो भागांचा मालक नाही, भागांमध्ये नाही, भाग त्याच्यात नाहीत, भागांची रास म्हणजे रथ नाही आणि त्यांचा आकार म्हणजेही नाही. मी रथ बाजूला ठेवला, गोळ्यालाच धरलं. गुडघा दुखत होता, पण गुडघ्याला कोणी फसवलं नव्हतं. पैसे पाकिटातून गेले, पाकीट म्हणजे मी नव्हे. राग आला होता, पण राग तर आता आलाय, फसलो चार दिवसांपूर्वी. त्या दिवशीचं मन केव्हाच संपलं. मग हे सगळं वजा करून फसलेला असा कोणी मागे उरतो का? चाळीस मिनिटं हा फेरा. कंटाळा आला, बाहेर माकडं पत्र्यावर नाचत होती, दोनदा सवयीने श्वासावर पळालो. इगतपुरीवाल्यांनो, ही खोड आपल्याला नडते. श्वास म्हणजे हक्काची पडवी, तिथे जाऊन बसलं की तपास बंद.

आणि मग अर्धा मिनिट, जास्त नाही, तो गोळा सापडला नाही. शोधत होतो आणि नव्हता. शांती वगैरे काही वाटलं नाही, धस्स झालं. उतरताना पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. मी चक्क जॅकेटची चेन मुठीत धरली. नंतर कळलं, त्सोंगखापाच्या एका शिष्यानेही शून्यतेवरचं प्रवचन ऐकताना घाबरून स्वतःची कॉलर धरली होती अशी गोष्ट सांगतात. ऐकून मी इतका खूश झालो की दुपारच्या बैठकीत काहीही जमलं नाही.

खरी घसरण संध्याकाळी झाली. मनात आलं, मीच नाही तर टॅक्सीवालाही नाही, सहाशेही नाहीत, आणि आज भांडी घासायची माझी पाळी तरी कुठे आहे? गेलो नाही. प्रश्नांच्या तासाला मोठ्या ऐटीत हे बोलून दाखवलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही दरीच्या दुसऱ्या बाजूला पडलात, टणक "मी"वरून थेट "काहीच नाही"वर. नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने साधारण दुसऱ्या शतकात हा इशारा देऊन ठेवलाय: चुकीची समजलेली शून्यता मंदबुद्धी माणसाचा घात करते, चुकीचा धरलेला साप करतो तसा. तिथेच तो म्हणतो, जे परस्परांवर अवलंबून उत्पन्न होतं त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. म्हणजे सहाशे रुपये आहेत, पण स्वतःच्या बळावर नाहीत. माझी घाई, काळं आभाळ, त्याचा रिकामा दिवस, माझा न बघितलेला रस्ता, हे सगळं जमलं तेव्हा ते सहाशे झाले. आपल्या मराठीत शून्य म्हटलं की पाटीवरचा भोपळा दिसतो, म्हणून आपण जास्तच घसरतो. भांडी मी दुसऱ्या दिवशी दुप्पट घासली. पाणी बर्फाचं होतं आणि पुरेसं "असलेलं" होतं.

कोणी जावं? तर्काचा कंटाळा नसणाऱ्याने. ज्याला शांत वाटायचंय त्याने जाऊ नये, पैसे वाया जातील. नैराश्यावर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको, ते धस्स होणं गंमत नाही. शिकवणं इंग्रजीत. शाळेत संस्कृत असेल तर प्रसज्यप्रतिषेध आणि पर्युदास एवढे दोन शब्द आठवून जा. इथे काम पहिल्याचं, नुसतं "नाही" म्हणायचं आणि त्या जागी दुसरं काही बसवायचं नाही. अर्धी व्याख्यानं तेवढ्यावर पार पडतात. मार्चअखेर रात्री कडाक्याच्या, थर्मल आणि गरम पाण्याची पिशवी हवीच. डोक्याला लावायची बॅटरी न्या. ध्यानाला बसायची उशी घरची न्या, तिथल्या उशा फार उंच आहेत, माझा उजवा गुडघा त्यांनीच घालवला.

शेवटी एक दिवस हातात ठेवा. मौन सुटल्यावर भेटलेल्या नागपूरच्या एका ताईंनी जय भीम केला आणि मला ओढतच मॅक्लोडगंजच्या मुख्य मंदिराकडे भिक्षूंचा वादविवाद दाखवायला नेलं. प्रश्न विचारणारा पाय आपटून टाळी वाजवतो, बसलेल्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. एक शब्द कळला नाही, पण पाचव्या दिवशी डोक्यात जे चाललं होतं ते असंच दिसत असणार. ताई म्हणाल्या, "दादा, नागार्जुनासाठी एवढ्या लांब कशाला आलो आपण? आमच्या रामटेकजवळ मनसरला त्याचं नाव घेतातच की." पुढच्या वेळी तिकडे, आणि एसटीने.

परतीचं तिकीट मात्र आधीच पक्कं करा. आरएसीवर विसंबू नका. काका मघापासून विचारतायत, दहा दिवस गप्प बसून काय मिळालं? त्यांना टॅक्सीपासून जॅकेटच्या चेनीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "ते सगळं ठीक. पण सहाशे गेलेच ना?"