उष्टा धूर

दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. बंडीचं बरं असतं, बैल सोडले की ती मुकाट उभी राहते. डिझेलची पिकअप मात्र घरघरतच असते. दहा पावलं पुढं, पुन्हा घरघर. आणि आत तिचं इंजिन स्वतःचाच उष्टा धूर खात असतं.

ही सोय मुद्दाम केलेली आहे. आतली आच दीड हजार अंशांच्या वर गेली, की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. म्हणून सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर ईजीआर व्हॉल्व्हमधून, म्हणजे धूर पुन्हा फिरवणाऱ्या झडपेतून, परत आत घेतात, बहुतेक गाड्यांत कूलरमध्ये कूलंटनं निववून. त्यात ऑक्सिजन कमी. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जळत नाहीत, उष्णता तेवढी शोषतात. आच उतरते. गाडी भरून घाट चढताना व्हॉल्व्ह जवळपास मिटतो, कारण तिथं ताजी हवाच लागते.

गोम या धुरातल्या काजळीत आहे. इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून, येणारी तेलाची वाफ तिला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, भेटते आणि चिकट काळा थर धरतो. रांगेतल्या थंड, मंद चालीत तो लवकर साचतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला, की गाडी थरथरते, दम धरत नाही, काळा धूर ओकते. बंद अडकला तर पुष्कळदा डॅशबोर्डवरचा चेक लाइटच लागतो, बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४०१, म्हणजे परतीचा धूर कमी पडतोय. कूलर आतून फुटला तर कूलंट घटत जातं, खाली थेंब दिसत नाही, मागून पांढरा धूर. अशा वेळी हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडायची घाई नको, आधी कूलर तपासावा.

परतीच्या धुराची वाट पत्र्याची चकती लावून बुजवणं हा तालुक्याचा आवडता इलाज. त्यानं आच पुन्हा चढते, आणि बीएस-६ (धुराच्या नव्या कडक नियमांच्या) गाडीचा संगणक धूर येत नाही हे ओळखून ताकदच कमी करू शकतो. त्यापेक्षा सफाई करावी. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. व्हॉल्व्ह काढून कार्ब्युरेटर क्लीनर फक्त धातूच्या तोंडाकडे मारावा, मोटर वरच्या बाजूला धरून. नायलॉन ब्रशनं घासावं. झडप स्क्रूड्रायव्हरनं रेटली तर आतले दाते तुटतात. पॅकिंग नवंच बसवावं, आणि बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्हची मिटलेली जागा स्कॅनरनं पुन्हा शिकवावी लागते. ते राहिलं तर धुतलेला व्हॉल्व्हही चेक लाइट लावतो.